पद्मिनीचं जड पेडल आणि एक ताणकाटा

एक्सलेटर जड झाला असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात. पहिली अशी, की पेडल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच जड लागतं. पाय दुखतो, पण गाडी सांगितलेलं ऐकते. दुसरीत पेडल आधी हलतच नाही, जोर वाढवला की एकदम सुटतं आणि गाडी उडी मारते. पहिलीचं मूळ बहुतेक वेळा स्प्रिंगमध्ये असतं, दुसरीचं घर्षणात. माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत या दोन्ही तक्रारी होत्या आणि एकमेकींत इतक्या गुंतलेल्या होत्या, की त्या सोडवेपर्यंत पावसाळा सरून नाशिकला थंडी पडायला लागली.

हायवेवर दुसऱ्या तक्रारीचा त्रास फारसा जाणवत नाही, कारण तिथे पाय एका जागी धरून ठेवायचा असतो. द्वारका चौकात संध्याकाळी मात्र उजव्या पायाला फार नाजूक काम असतं. हातभर पुढे, थांब, पुन्हा हातभर. समोर रिक्षा, डावीकडे एसटी, मधल्या फटीत शिरणारी दुचाकी. तिथे पेडल अडून एकदम सुटणं म्हणजे पुढच्याच्या डिकीत जाणं. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे पाय काढल्यावरही कधीकधी रेस पूर्ण उतरायची नाही. इंजिन गरम झालं की हे हमखास व्हायचं. जे पेडल उशिरा परत येतं, ते एखाद्या दिवशी परत येणारही नाही, ही भीती मला जास्त होती. तसं कुणाच्या गाडीत झालंच तर क्लच दाबायचा, गाडी न्यूट्रलला घ्यायची आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं. पण गाडी थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंगला लॉक लागू शकतं. घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना मी हे आधी शिकवलं, मग दुरुस्तीला हात घातला.

गाडी १९९१ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा एक सोलेक्स कार्बोरेटर, हँडलावरचा गिअर. देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त गृहस्थांनी बरीच वर्षं सांभाळली, मग ती माझ्याकडे आली. इटलीच्या फियाट ११००चं हे भारतीय रूप. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ते ‘डिलाइट’ नावाने निघत होतं, सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झालं आणि २०००च्या सुमारास बंद पडलं. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस गेली. टॅक्स्या होत्या तोवर दर नाक्यावर हिचा जाणकार मिस्त्री सापडायचा. आता ज्याची गाडी त्यानेच तिची थोडीफार विद्या शिकावी लागते. मला ते ओझं वाटत नाही. या गाडीचं बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते, हाताला लागते, आणि ती काय करते ते बघून समजतं. हेच मला हिच्यातलं सगळ्यात जास्त आवडतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, त्याचाच पुढे एचएएल झाला आणि १९६४ मध्ये मिग विमानांसाठी ओझरचा कारखाना सुरू झाला. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. काकांना ही जोडी फार प्रिय आहे. “तुझी गाडी आणि माझी नोकरी, दोन्ही एकाच सोलापूरकराच्या,” असं ते मनापासून सांगतात. त्यांनी आयुष्यभर फिटर म्हणून काम केलं. हाताने करायच्या कामात ते अंदाज चालू देत नाहीत.

माझ्याकडे तोवर सल्ल्यांचा ढीग जमला होता. कुणी म्हणालं, सगळीकडे स्प्रे मार, मोकळं होईल. कुणी म्हणालं, स्प्रिंग बदल, नरम टाक. मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजवाल्याने कार्बोरेटरच बदलायला सांगितला. यातला एकही सल्ला पूर्ण चुकीचा नव्हता, पण अडचण कुठे आहे ते कुणीच तपासलं नव्हतं. मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “किती जड आहे?”

“खूप जड आहे, काका.”

“खूप म्हणजे किती किलो, ते सांग.”

ते घरात गेले आणि रद्दीवाल्याकडे असतो तसा, हूक असलेला छोटा ताणकाटा घेऊन आले.

इथे पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतचा रस्ता सांगायला हवा. माझ्या गाडीत पेडलचा हात फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीजवळ, एका पिनवर झुलतो. तिथून एक सळई फायरवॉलमधून इंजिनाच्या बाजूला येते. तिकडे एक आडवा शाफ्ट दोन ब्रॅकेटांत बसवलेला आहे, त्यावर लीव्हर आहेत. त्यातल्या एका लीव्हरपासून लिंक रॉड कार्बोरेटरच्या लीव्हरला जातो. रॉडच्या दोन्ही टोकांना बॉल आणि कप. कार्बोरेटरचा लीव्हर फिरला की आतली बारीक सळई, म्हणजे स्पिंडल, फिरते आणि तिच्यावरची बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघडणारी-झाकणारी चकती, उघडते. परत बंद करायचं काम स्प्रिंगचं. प्रत्येक पद्मिनीत हे हुबेहूब असंच सापडेल असं नाही. इतक्या वर्षांत प्रत्येक गाडीवरून बरेच हात फिरलेले असतात. पण तत्त्व तेच: पेडलपासून बटरफ्लायपर्यंत जितके सांधे, तितक्या अडकायच्या जागा.

पेडल ढकलायचं असतं आणि ताणकाटा ओढून मोजतो, म्हणून मोजमाप बॉनेटखालीच घेतलं. इंजिन बंद. लिंक रॉड जोडलेला असतानाच आडव्या शाफ्टच्या लीव्हरला हूक अडकवला आणि उघडण्याच्या दिशेने हळू ओढलं. लीव्हर हलला तेव्हा काट्यावर ७ किलो. मग काकांनी तो तसाच उघडा धरून हात हळूहळू सैल करायला सांगितला आणि लीव्हर परत यायला लागतो तो आकडा बघायला लावला. लीव्हर परत निघाला तेव्हा काटा जवळजवळ शून्यावर होता, जेमतेम २०० ग्रॅम.

जाताना ७ आणि येताना ०.२. या दोन आकड्यांत सगळं निदान होतं, ते मला काकांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवलं. उघडताना आपण स्प्रिंगशीही भांडतो आणि घर्षणाशीही, म्हणून आकडा म्हणजे स्प्रिंग अधिक घर्षण. परत येताना स्प्रिंग ओढते आणि घर्षण तिला अडवतं, म्हणून आकडा म्हणजे स्प्रिंग वजा घर्षण. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की स्प्रिंग कळते, वजाबाकी करून निम्मी केली की घर्षण. माझ्या गाडीत स्प्रिंग ३.६ किलो आणि घर्षण ३.४. एवढी दांडगी स्प्रिंग असूनही ती घर्षणावर जेमतेम मात करत होती. पाय काढल्यावर रेस का उतरत नाही, त्याचं कारण कागदावर समोर होतं. कुणाच्या सांगण्यावरून मी स्प्रिंग नरम केली असती तर बटरफ्लाय उघडीच राहिली असती. नुसतं पेडल हलकं व्हावं म्हणून स्प्रिंग कमी करू नये, हे मी आता पद्मिनीवाल्या प्रत्येकाला आवर्जून सांगते.

यानंतर लिंक रॉडचा कप कार्बोरेटरच्या बॉलवरून काढला. हे पाऊल सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. जोडणी मधोमध तोडली की अर्धा संशय लगेच मिटतो. पेडलच्या बाजूचं नुसतं घर्षण भरलं २.५ किलो. तिथे स्प्रिंग नव्हतीच, म्हणजे सगळं घर्षणच. कार्बोरेटरच्या बाजूला उघडताना ४.५, परत येताना २.७. म्हणजे स्प्रिंग ३.६, घर्षण ०.९. बेरीज जुळली तेव्हा काका समाधानाने “हं” म्हणाले. दोन्ही बाजूंना दोष होता, मोठा पेडलच्या बाजूला.

मी मात्र कार्बोरेटरच्या बाजूने सुरुवात केली, कारण ३.६ किलोची स्प्रिंग मला खटकत होती. एवढ्याशा बटरफ्लायला एवढी ओढ लागत नाही. टॉर्च धरून बघितलं तर लीव्हरवर दोन स्प्रिंगा होत्या. एक बारीक, जुनी, मूळची असावी अशी. दुसरी तिच्या मागे दडलेली, जाड तारेची. तिचं एक टोक फायरवॉलच्या स्क्रूला तारेने बांधलेलं. काकांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, “ही स्कूटरच्या साइड स्टँडची आहे.” ती काढून पुन्हा मोजलं. उघडायला १.७ किलो, आणि परत येताना लीव्हर आलाच नाही. अर्ध्यावर थांबला. मूळ स्प्रिंगची ओढ थकून ०.८ वर आली होती आणि घर्षण होतं ०.९.

म्हणजे कधीतरी, कुठल्यातरी गॅरेजात, रेस अडकते अशी तक्रार घेऊन ही गाडी गेली असणार. तिथल्या माणसाने घर्षण शोधायच्या ऐवजी त्याच्यावर मात करणारी स्प्रिंग लावली. त्या दिवसापुरता तो उपाय चालला असणार. पेडल जड झालं ते या उपायाने. मला त्या अनोळखी मिस्त्रीचा राग आला नाही, कारण गिऱ्हाईक दारात उभं असताना असंच होतं. पण त्या स्प्रिंगमुळे खरा दोष वर्षानुवर्षं झाकला गेला आणि तो तसाच वाढत राहिला.

आता प्रश्न, स्पिंडल घट्ट का. जुन्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून सुकून राळेसारखा चिकट थर बसतो. त्यात आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल ओलावा ओढतं आणि जस्ताच्या ओतीव भागावर पांढरी भुकटी धरते. माझा पहिला संशय तोच होता. म्हणून कार्बोरेटर क्लीनरने स्पिंडलची दोन्ही टोकं धुतली आणि बॅटरीची अर्थिंगची वायर काढून ठेवली होतीच म्हणून निर्धास्तपणे वाळू दिली. फरक पडला, पण थोडा. मग भद्रकालीतल्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पद्मिनीवर उभी हयात काढली आहे. त्यांनी काही धुतलं नाही की ओढून बघितलं नाही. कार्बोरेटर मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीवर, ज्या दोन नटांनी बसतो, ते नट रिंग पान्याने अर्धा आटा सैल केले आणि मला म्हणाले, “ताई, आता रेस हलवून बघा.”

लीव्हर बोटाने हलला. ताणकाटा लावला तर सुरुवातीला ०.९ असलेलं घर्षण ०.३ वर आलं होतं.

हे मी कधीच शोधू शकले नसते, इतकं ते साधं आहे. कार्बोरेटरच्या खालच्या फ्लॅंजला, म्हणजे बुडाच्या सपाट कडेला, दोन बाजूंना कान असतात, त्यातून नट जातात. खालचं पॅकिंग जुनं झालं की तिथून हवा आत शिरते, इंजिन आयडलला, म्हणजे पेडल न दाबता चालू असताना, अडखळतं, मग कुणीतरी नट आवळतं. पुन्हा हवा, पुन्हा आवळणं. जस्ताचे ते कान हळूहळू खाली वाकतात, मधला भाग कमानीसारखा वर उचलला जातो आणि त्यातून आरपार गेलेला स्पिंडल चिमटीत सापडतो. इंजिन तापलं की ती चिमटी आणखी आवळते, म्हणून माझी रेस गरम झाल्यावर जास्त अडायची. शिवाय फ्लॅंज वाकल्याने हवा जास्तच शिरायला लागते, म्हणजे ज्यासाठी आवळलं तेही साधत नाही.

कार्बोरेटर उतरवला. हे काम उघड्यावर, पेट्रोलची नळी बंद करून, आसपास शेगडी-विडी काही नाही याची खात्री करूनच करावं. सपाट काचेवर फ्लॅंज ठेवून मधल्या फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातला, तर ०.३ मिलिमीटरचं पातं आरामात गेलं. मिस्त्रींनी वाकलेले कान सरळ करायचा विचारही केला नाही. “ही ओतीव चीज आहे, वाकवायला गेलं तर तडकेल.” त्यांनी कार्बोरेटर पूर्ण खोलला, जेट आणि फ्लोट बाजूला काढून डबीत ठेवले, काचेवर पॉलिश पेपर पसरला आणि वरून रॉकेलचे थेंब टाकत फ्लॅंज गोल गोल घासायला लागले. घाई नाही. दर थोड्या वेळाने पुसून बघायचं, चमक कुठे आली. आधी फक्त दोन कान चमकले, मग चमक आत सरकत गेली, शेवटी पूर्ण कडेवर सारखी आली. संपूर्ण दुपार गेली. त्या हातांची सवय बघण्यासारखी होती. दाब दोन्ही बाजूंना इतका सारखा, की घासून झाल्यावर फिलर गेजचं सगळ्यात पातळ पातंही कुठे शिरेना.

एका बाबतीत त्यांनी मला बजावलं. बटरफ्लाय स्पिंडलला ज्या दोन बारीक स्क्रूंनी बसते, त्यांची मागची टोकं ठोकून पसरवलेली असतात, सुटू नयेत म्हणून. ते स्क्रू गरज नसताना काढायचे नाहीत. सैल राहिलेला स्क्रू थेट इंजिनात जातो. माझा स्पिंडल आणि त्याचं भोक अजून चांगलं होतं, म्हणून बटरफ्लायला हात न लावता तसंच धुऊन घेतलं.

परत बसवताना पॅकिंग नवीन, मधला जाड फायबरचा तुकडा साफ करून दोन्ही बाजूंनी काचेवर तपासलेला. नट आळीपाळीने थोडे थोडे, आखूड पान्याने, स्प्रिंग वॉशर दबेपर्यंत आणि वर जरासं. लांब पाना या जागी वापरायचाच नाही, असं मिस्त्रींचं म्हणणं, आणि मला ते पूर्ण पटलं. कार्बोरेटरच्या बाजूचं घर्षण आता १०० ग्रॅम.

पेडलच्या बाजूला कला कमी, कष्ट जास्त. गाडीत पेडलपाशी आडवं पडून टॉर्च दातात धरावी लागली. ज्या भोकातून सळई इंजिनाकडे जाते तिथला रबरी ग्रोमेट विरून गेला होता, आणि नाशिकच्या पावसात तिथून झिरपलेलं पाणी थेट पेडलच्या पिनवर. पिन गंजून बुशात, म्हणजे ती जिच्यात फिरते त्या नळीत, फुगली होती. वरून तेल सोडलं असतं तर ती आठ दिवस हलली असती आणि पुन्हा घट्ट झाली असती, कारण गंज आतच राहतो. म्हणून पिन ठोकून काढली. ती आधी भिजवून ठेवायला लागली, तरी हट्ट करत होती. पॉलिश पेपरने लख्ख केली, बुश आतून साफ केला, पातळ ग्रीस लावून बसवली. ग्रोमेट नवीन घातला, नाहीतर पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

आडव्या शाफ्टच्या ब्रॅकेटांत जुनं ग्रीस डांबरासारखं कडक होऊन बसलं होतं. ते खरवडून, रॉकेलने धुऊन काढलं. एक ब्रॅकेट किंचित मुडपलेला होता, त्यामुळे शाफ्ट तिरका बसत होता. तो काढून व्हाइसमध्ये सरळ केला. लिंक रॉडचे बॉल-कप धुऊन त्यात ग्रीसचा जेमतेम थर दिला. इथे ग्रीस भरभरून लावायचा मोह होतो, पण ओल्या ग्रीसवर धूळ बसते आणि त्याची खरड होऊन सांधा झिजतो.

एवढं करून पेडलच्या बाजूचं घर्षण ०.७ वर आलं आणि तिथेच अडलं. सगळे सांधे सुटे असताना मोकळे, जोडले की पेडल दाबताना शेवटच्या टप्प्यात जड. काका वाकून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “अगं, रॉड तिरका जातोय. इंजिन खाली बसलंय.”

फायरवॉल बॉडीला जोडलेली असते, कार्बोरेटर इंजिनावर असतो, आणि इंजिन रबरी माउंटिंगवर. ते रबर दबलं की इंजिन खाली जातं आणि मधला लिंक रॉड वाकड्या कोनात ओढायला लागतो. कप बॉलच्या मानेला घासतो. एक्सलेटरच्या तक्रारीसाठी इंजिनचं माउंटिंग तपासायचं कुणाच्याही डोक्यात येत नाही, पण सळईच्या जोडणीत ते आधी बघायला हवं. माझी दोन्ही माउंटिंगं चपटी होऊन भेगाळली होती. नाशिकमध्ये मिळाली ती हाताला दगडासारखी कडक लागली, म्हणून कुर्ल्याहून मागवली. जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून इंजिन हलकेच उचललं आणि बदलली. इंजिन वर आलं, रॉड सरळ झाला आणि घर्षण ०.३. गाडीची आयडलची थरथरही त्याबरोबर गेली.

रॉडची लांबी मग नव्याने जुळवावी लागली. पेडल मोकळं असताना बटरफ्लाय पूर्ण बंद, फक्त आयडल स्क्रूवर टेकलेली हवी. पेडल तळाला टेकलं की बटरफ्लाय पूर्ण उघडी हवी. आणि पायाचा शेवटचा जोर पेडलखालच्या ठोकळ्यावर जायला हवा, कार्बोरेटरच्या लीव्हरवर नाही. ठोकळा झिजला असेल तर घाटात जोरात दाबणारा पाय रोज तो बारीक स्पिंडल पिळत असतो. माझ्या गाडीत ठोकळाच नव्हता, फक्त त्याचं भोक होतं. तिथे रबरी टोपी घातलेला बोल्ट बसवला आणि त्याची उंची एकाने आत पेडल दाबून, दुसऱ्याने बॉनेटखाली बघून ठरवली. मॅटही कापून घेतली, कारण तिची दुमडलेली कड पेडलखाली येत होती.

राहिली स्प्रिंग. काका या जागी एका स्प्रिंगवर भरवसा ठेवायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की जी वस्तू तुटली तर माणूस मरू शकतो, तिला जोडीदार पाहिजे, आणि जोडीदार एकटा ते काम पुरं करू शकला पाहिजे. रविवार कारंजाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मी ताणकाटा घेऊनच गेले. दुकानदाराने आधी कुतूहलाने बघितलं, मग स्वतःच एकेक स्प्रिंग अडकवून मोजायला लागला. दोन सारख्या स्प्रिंगा घेतल्या, लीव्हरवर प्रत्येकी ०.७ किलो ओढणाऱ्या. दोघींची टोकं वेगवेगळ्या जागी अडकवली, म्हणजे एक खिळा निसटला तरी दुसरी राहते. एक काढून बघितलं: घर्षण एकूण ०.४, उरलेली ओढ ०.७, बटरफ्लाय बंद होते. दुसरी काढून बघितलं, तसंच. साइड स्टँडची स्प्रिंग काकांनी मागून घेतली.

सगळं जोडून शेवटचं मोजमाप: उघडायला १.८ किलो, परत येताना १. आधीचे ७ आणि ०.२ मी त्याच कॅलेंडरवर शेजारी लिहिले. हे आकडे लीव्हरजवळचे आहेत, पायाखालचे नाहीत. मधल्या लीव्हरांच्या लांबीप्रमाणे पायाला ते वेगळे लागतात. पण आधी आणि नंतर एकाच जागी मोजलं की तुलना खरी राहते.

इंजिन सुरू केल्यावर आयडल जास्त निघाली, कारण आधी शिरणारी हवा गृहीत धरून कुणीतरी स्क्रू पिरगाळून ठेवला होता. मिस्त्रींनी कानाने आयडल आणि हवा-पेट्रोलचं मिक्श्चर जुळवलं. मग गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन आले, आणि रविवारी पहाटे इगतपुरीवरून कसारा घाट उतरून परत चढले. चढताना वळणावर ट्रकच्या मागे पाय हळूच सोडायचा, मोकळं दिसलं की हळूच द्यायचा, हे आता होतं. पायाने जेवढं मागितलं तेवढंच इंजिन देतं. घाटमाथ्यावर थांबून, इंजिन तापलेलं असतानाच बॉनेट उघडून लीव्हर बोटाने उघडला आणि सोडला. टक्‌ असा आवाज करून तो जागेवर बसला. तो आवाज ऐकून मला इतका आनंद झाला, की मी तो पुन्हा पुन्हा करून बघितला.

द्वारकाही पार केली, संध्याकाळच्या गर्दीत. सोबत काका होते. त्यांचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं, माझ्या उजव्या पायाकडे होतं.

आता दर ऑइल बदलताना ताणकाटा लावते. जाताना आणि येताना, दोन्ही आकडे. येतानाचा आकडा घसरायला लागला की घर्षण वाढतंय, पायाला कळायच्या आधी काट्याला कळतं. पेडलच्या बाजूचे उरलेले ३०० ग्रॅम अजून डोक्यात आहेत. आडव्या शाफ्टचा डावा बुश अंडाकार झिजलाय, त्याचं माप सातपूरच्या एका टर्नरला देऊन ठेवलंय. पितळेचा करायचा की नायलॉनचा, यावर काका आणि मिस्त्री यांचं अजून एकमत झालेलं नाही.